खोक्याची पांढरी बाजू

टोलीडोत हिवाळा एकदा मुक्कामाला आला
की मार्च संपला तरी उठत नाही.
पंपावर दादांची रात्रपाळी, दहा ते सहा.
मी काउंटरच्या आत, दुधाच्या क्रेटवर उशी टाकून
शब्द पाठ करत बसलेली.

सिगारेटची रिकामी खोकी दादा कापून द्यायचे,
एका मापाचे तुकडे, कडेला सूतभर फरक नाही.
बार्शीच्या छापखान्यात एकोणीस वर्षं
खिळे जुळवलेला हात तो.
खोक्याची आतली पांढरी बाजू माझी.
वर इंग्रजी, खाली मराठी.

डिक्शनरीतल्या अर्थाने माझं भागत नसे.
टॅसिटर्न म्हणजे मितभाषी, असं छापलेलं.
मी लिहिलं, घुमा.
फ्यूटाइल, पालथ्या घड्यावर पाणी.
ऑब्स्टिनेटपुढे नुसतं, बापूकाका.
अँबिव्हलंटपाशी तीन दिवस अडले,
आणि चौथ्या दिवशी बसथांब्यावर
एक बूट फुटपाथवर, एक गटाराच्या बर्फात,
तेव्हा कळलं,
अरे, तळ्यात-मळ्यात!
मोठ्याने म्हणाले. शेजारचा माणूस दोन पावलं सरकला.

परीक्षेत जोड्या विचारत.
सुतार आणि रंधा, तसा शिंपी आणि काय?
मी कंटाळले की माझ्या जोड्या लावायची.
मासा आणि पाणी, तसे दादा आणि
पुढचे चार पर्याय काही सुचत नसत.

साडेअकराला मिसेस कोवाल्चिक येत,
दारात बूट आपटत.
एक खरवडायचं तिकीट, कॉफी.
तिकीट हरलं की माझ्या गठ्ठ्यातून एक कार्ड ओढायच्या,
'हे तरी लागू दे.'
आणि शब्द असा वाचायच्या
की त्यालाही आपली ओळख पटू नये.
'साठ वर्षं इंग्रजी बोलतेय, पोरी.
हा प्राणी आमच्या गल्लीत कधी दिसला नाही.'
मी अर्थ सांगायची. त्या म्हणायच्या,
'मग सरळ कंजूष म्हणा की!'

फेब्रुवारीत एकदा त्यांनी कार्ड ओढलं,
वाचलं,
आणि काहीच बोलल्या नाहीत.
बिरेफ्ट.
'हा माहितीये मला,' म्हणाल्या.
कार्ड उलटं ठेवलं, नाण्याने त्याची कड उगाच खरवडली,
आणि गेल्या. कॉफी तशीच.

तेव्हा मोजलं मी:
डिसेंबरपर्यंत त्या दोन कॉफ्या न्यायच्या.
एक काळी, एकीत तीन साखरा,
गाडीत बसलेल्या कुणासाठी तरी.
गाडीच्या काचेवर वाफ असायची, तोंड दिसायचं नाही.
मेटिक्युलस पाठ होता मला,
ऑब्झर्व्हंटही. स्पेलिंगसकट.

मी कार्डावर लिहिलेलं, पोरका.
दादा गल्ल्यातली चिल्लर मोजत होते, समोरून.
त्यांचं इंग्रजी चाळीसेक वाक्यांचं,
पण उलटी अक्षरं त्यांना सुलट्याहून लवकर लागतात,
कुठल्याही भाषेतली.
मान वर न करता म्हणाले,
'चूक आहे. पोरकं पोर असतं.
पारखा लिही.
पारखा माणूस कुठल्याही वयात होतो.'
आणि पुन्हा पहिल्यापासून नाणी मोजू लागले.
मी पोरका खोडलं.
दादांनी पहिल्यांदाच माझी चूक काढली होती,
आणि पहिल्यांदाच, आईनंतर,
त्या बाजूचा एक शब्द उच्चारला होता.

शनिवारी परीक्षा झाली, शाळेच्या जिममध्ये,
बास्केटबॉलच्या रिंगखाली.
अँबिव्हलंट आला. फ्यूटाइल आला.
सुताराची जोडी आली, मी बरोबर लावली.

सोमवारी मिसेस कोवाल्चिक म्हणाल्या,
'माझा आला का गं?'
नाही, म्हटलं.
'बरं झालं,' म्हणाल्या, 'सतरा वर्षांच्या पोरांना
कशाला विचारायचं ते,'
आणि तिकीट खरवडू लागल्या.
दोन डॉलर लागले.
दादांनी दोन डॉलर मोजून दिले
आणि न विचारता कॉफी ओतली,
तीन साखरांची.
त्यांनी ती पाहिली, पाहिली,
आणि उभ्या उभ्या पिऊन टाकली.